ईसीएचएसचे दर शहराच्या श्रेणीनुसार: निपाणी, बेळगाव आणि कोल्हापूर यांत फरक किती, आणि तो कोणी सोसायचा?

निपाणीकर

सर्वांना नमस्कार. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून आम्ही निपाणी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. त्यांच्या उजव्या गुडघ्याची झीज फार झाल्यामुळे गुडघा बदलण्याचा सल्ला तज्ज्ञांनी दिला आहे. ते ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेचे सभासद आहेत, त्यांचे स्मार्ट कार्ड चालू आहे आणि नोंदणी योजनेच्या बेळगाव येथील दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये आहे. तरीही चौकशी करताना आम्हाला जी उत्तरे मिळाली, त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

निपाणीतील एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया चांगली होते आणि आमच्या ओळखीतील काही जणांचा अनुभवही उत्तम आहे. परंतु ते रुग्णालय पॅनेलवर, म्हणजे ईसीएचएसशी करार केलेल्या रुग्णालयांच्या यादीत नाही. लहान गावांसाठी ठरवलेला दर मोठ्या शहरांपेक्षा कमी असल्यामुळे पॅनेलवर येणे परवडत नाही, असे तेथे सांगण्यात आले. बेळगावातील पॅनेलवरच्या एका रुग्णालयात काउंटरवर वेगळेच ऐकायला मिळाले: रुग्णाचा पत्ता खेड्यातला असल्यामुळे मंजूर होणारी रक्कम कमी आहे, तेव्हा वरचा फरक तुम्ही भरा. कोल्हापूरचे आमचे नातेवाईक म्हणतात की, पुण्याला नेले तर सरकार जास्त पैसे देते, म्हणून पुण्यालाच न्यावे.

यातले खरे काय? दर नेमका कोणाच्या पत्त्यावरून ठरतो, आमच्या किंवा रुग्णालयाच्या? पॅनेलवरच्या रुग्णालयाला फरक मागण्याचा अधिकार आहे का? आणि निपाणीतच शस्त्रक्रिया करून घेऊन नंतर बिल सादर केले, तर परतफेड मिळेल का?

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तीही लिहितो. वडिलांची नेमणूक उंच आणि दुर्गम ठिकाणी झाली की त्यांना त्या जागेचा वेगळा भत्ता मिळत असे, कारण अशा जागी काम करणे अधिक कठीण आहे हे सरकारला मान्य होते. निवृत्तीनंतर मात्र जागा जितकी आडवळणाची, तितकी तिथल्या उपचाराची किंमत कमी धरली जाते. या मागचा विचार कोणी समजावून सांगितला, तर मी आभारी राहीन.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

निपाणीकर, आपल्या वडिलांना माझा जय हिंद कळवा. येथील ज्येष्ठ माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना ईसीएचएसच्या कागदपत्रांत मदत करण्याचे काम मी करतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नांशी रोजच गाठ पडते.

काउंटरवर जे सांगितले गेले ते चुकीचे आहे, हे आधी स्पष्ट करतो. दर रुग्णाच्या पत्त्यावरून ठरत नाही. रुग्णालय ज्या शहरात आहे, त्या शहराच्या श्रेणीवरून ठरतो. तुमचे वडील निपाणीचे असोत, खानापूरचे असोत की चंदगडचे, बेळगावात शस्त्रक्रिया झाली तर बेळगावचाच दर लागू होईल. त्यांच्या बाजूने दरावर परिणाम करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वॉर्डची पात्रता. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना जनरल वॉर्ड, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना सेमी-प्रायव्हेट आणि अधिकाऱ्यांना प्रायव्हेट वॉर्ड, अशी ती आहे.

आता दराची रचना. ईसीएचएस १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली आणि रुग्णालयांना द्यायच्या रकमेसाठी तिने सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे दर स्वीकारले. त्यांतील बरेचसे दर २०१४ पासून फारसे हलले नव्हते. १३ ऑक्टोबर २०२५ पासून सीजीएचएसने सुमारे दोन हजार उपचारांचे दर नव्याने ठरवले आणि डिसेंबर २०२५ पासून ईसीएचएसमध्येही तीच पद्धत लागू झाली. या पद्धतीत शहरांच्या तीन श्रेणी आहेत आणि त्या घरभाडे भत्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्स, वाय, झेड याच श्रेणी आहेत. पन्नास लाखांवर लोकसंख्येची शहरे एक्स, पाच ते पन्नास लाखांची वाय आणि त्याखालची सर्व गावे झेड, असा त्याचा ढोबळ निकष आहे. पुणे, मुंबई, बेंगळुरू ही एक्समध्ये येतात. आपल्या भागातील बेळगाव, हुबळी-धारवाड, कोल्हापूर, सांगली ही वायमध्ये आहेत. निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी, खानापूर, गडहिंग्लज ही सगळी झेडमध्ये जातात.

बेळगावबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पाच लाखांना थोडी कमीच पडली होती. परंतु कॅन्टोन्मेंट आणि शहराला लागून असलेली गावे मिळून जो नागरी समूह मोजला जातो, त्याची संख्या सहा लाखांवर गेली. श्रेणी त्या समूहावरून ठरते, म्हणून बेळगाव वायमध्ये आहे. अशी भर घालायला निपाणीच्या आसपास कॅन्टोन्मेंटही नाही आणि लागून वाढलेली उपनगरेही नाहीत.

एक्स श्रेणीचा दर मूळ धरला, तर वायमध्ये तो १० टक्क्यांनी आणि झेडमध्ये २० टक्क्यांनी कमी होतो. त्याशिवाय रुग्णालयाला एनएबीएच हे गुणवत्तेचे मानांकन नसेल तर आणखी १५ टक्के कमी, आणि रुग्णालय मोठे सुपर-स्पेशालिटी असेल तर १५ टक्के जास्त. मूळ दर सेमी-प्रायव्हेट वॉर्डचा असतो. जनरलला त्यातून ५ टक्के वजा होतात, प्रायव्हेटला ५ टक्के वाढतात. गणित समजण्यापुरते असे धरा की, एखाद्या उपचाराचा मूळ दर १,००,००० रुपये आहे. हवालदारावर तोच उपचार पुण्यातील मानांकित रुग्णालयात झाला तर रुग्णालयाला ९५,००० रुपये मिळतील, बेळगाव किंवा कोल्हापुरात ८५,५०० मिळतील आणि निपाणीतील मानांकन नसलेल्या रुग्णालयात ६४,६०० रुपये मिळतील. तिकडे पुण्यातील सुपर-स्पेशालिटी रुग्णालयात एखाद्या अधिकाऱ्यावर हाच उपचार झाला, तर ती रक्कम १,२०,७५० रुपये होते. उपचार तोच, आजार तोच, आणि रकमेत जवळजवळ दुपटीचे अंतर.

तुमच्या नातेवाइकांनी पुण्याबद्दल सांगितलेली गोष्ट या अर्थाने खरी आहे, परंतु ती जास्तीची रक्कम रुग्णालयाला मिळते, तुमच्या वडिलांना नाही. त्यांच्या पदरात फरक काही पडत नाही. उलट शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांसाठी पुन्हा पुन्हा पुण्याला जावे लागेल, तो त्रास वेगळा.

पॅनेलवरच्या रुग्णालयाने सभासदाकडून फरक मागणे हे त्याने ईसीएचएसबरोबर केलेल्या कराराच्या विरुद्ध आहे. पॅकेजमध्ये, म्हणजे उपचाराच्या एकत्रित दरात, खाट, शस्त्रक्रियागृह, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, औषधे, ड्रेसिंग, जेवण हे सर्व धरलेले असते. कृत्रिम सांध्याची किंमत वेगळी, ठरवून दिलेल्या मर्यादेत दिली जाते. एखादी वस्तू पॅकेजबाहेरची आहे असे सांगून पैसे मागितले, तर कोणती वस्तू आणि कोणत्या नियमाने, हे कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच मागणी मागे घेतली जाते. नाही घेतली, तर तो कागद पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांकडे द्या.

निपाणीत शस्त्रक्रिया करून बिल लावण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयातील खर्चाची परतफेड तातडीच्या प्रसंगासाठी आहे: हृदयविकाराचा झटका, अपघात, पक्षाघात यांसारख्या वेळी रुग्णाला जवळच्या कोणत्याही रुग्णालयात नेता येते, ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचे असते आणि बिल स्वतः भरून मग परतफेड मागायची असते. गुडघा बदलणे ही ठरवून केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. ती पॅनेलबाहेर केली तर दावा नाकारला जाण्याचीच शक्यता अधिक. शिवाय तातडीच्या प्रसंगातही परतफेड दरपत्रकाच्या मर्यादेतच होते, पूर्ण बिलाची नाही. झेड गावातल्या माणसाला दराची खरी झळ बसते ती इथे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर निपाणीचा माणूस बेळगाव गाठू शकत नाही, तो जवळच्या दवाखान्यात जातो, बिल बाजारभावाने भरतो आणि परतफेड मात्र सर्वांत खालच्या दराने मिळते.

अस्थिरोग सर्जन, चिकोडी

सुभेदार साहेबांनी नियम नेमकेपणाने मांडले आहेत. लहान गावातील डॉक्टर पॅनेलवर का येत नाहीत, या भागाबद्दल मी लिहितो, कारण माझे स्वतःचे छोटे रुग्णालय आहे आणि हा विचार मी पुष्कळ वेळा करून झाला आहे.

गावानुसार दर वेगळा असण्याचे तत्त्व मुळात चुकीचे आहे, असे मला वाटत नाही. पुण्यात एका खाटेमागे जी जागा लागते तिची किंमत आणि चिकोडीतील जागेची किंमत यांत फार मोठे अंतर आहे. वॉर्डबॉय, आया, स्वच्छता कर्मचारी यांचे पगारही येथे कमी आहेत. एवढ्या खर्चावर वजावट झाली असती, तर तक्रारीला जागा नव्हती. अडचण अशी की, वजावट संपूर्ण पॅकेजवर होते आणि पॅकेजमधील मोठा भाग गावाच्या आकाराने स्वस्त होत नाही. भुलीची औषधे, प्रतिजैविके, टाके घालण्याचे साहित्य, निर्जंतुक केलेले ड्रेप यांची किंमत चिकोडीत आणि पुण्यात सारखीच असते. पुष्कळदा आमच्याकडे वाहतुकीमुळे ती थोडी जास्तच पडते. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे क्ष-किरण यंत्र तेवढ्याच किमतीला येते, आणि ते बिघडले तर दुरुस्ती करणारा अभियंता हुबळीहून किंवा पुण्याहून यावा लागतो.

माणसांच्या बाबतीत तर हिशेब अगदीच उलटा होतो. बेळगावातील मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ पगारावर असतो आणि दिवसभरात अनेक शस्त्रक्रियांना उपयोगी पडतो. माझ्याकडे तो कोल्हापूरहून किंवा मिरजेहून बोलवावा लागतो, एका शस्त्रक्रियेसाठी त्याचा अर्धा दिवस जातो आणि त्याचे मानधन मला त्या हिशेबाने द्यावे लागते. तज्ज्ञ परिचारिका गावात टिकत नाहीत. टिकवायच्या असतील तर शहराइतका पगार द्यावा लागतो. विजेचा पुरवठा भरवशाचा नाही, म्हणून जनित्राचे डिझेल जाळावे लागते. यातला कोणताही खर्च झेड श्रेणीमुळे २० टक्क्यांनी कमी होत नाही.

आणि वजावटी एकमेकींवर चढतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एनएबीएच मानांकन मिळवणे आणि टिकवणे म्हणजे नोंदी, प्रशिक्षण, संसर्ग नियंत्रण, अग्निसुरक्षा या सर्वांवर सतत खर्च करणे. हा खर्च करणे योग्यच आहे, त्याबद्दल वाद नाही; परंतु तीनशे खाटांच्या रुग्णालयात तो तीनशे खाटांवर विभागला जातो आणि माझ्याकडे वीस खाटांवर. त्यामुळे तालुक्याच्या गावातील बहुतेक रुग्णालये मानांकनाशिवायच राहतात. श्रेणीमुळे १०० चे ८० झाले की मानांकन नसल्यामुळे त्या ८० चे ६८ होतात. त्यात बिल मंजूर होऊन पैसे हाती येईपर्यंत लागणारा काळ धरा. थकलेल्या बिलांबद्दल देशभरातील खासगी रुग्णालयांनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. मोठे रुग्णालय ती थकबाकी काही महिने झेलू शकते, लहान रुग्णालयाला औषधाच्या दुकानदाराचे पैसे त्याच महिन्यात द्यावे लागतात.

मी स्वतः सैनिकांच्या गावात वाढलो आहे आणि या रुग्णांवर उपचार करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. परंतु ६८ रुपयांत १०० रुपयांचे काम करायचे ठरवले, तर कुठेतरी हलके साहित्य वापरावे लागेल, आणि ते मी करणार नाही.

निपाणीकर, तुमच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेपुरता तरी हा प्रश्न एकदाच येईल. मला अधिक चिंता डायलिसिसच्या रुग्णांची वाटते. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहावे लागते आणि हे आयुष्यभर चालते. अथणी किंवा रायबागच्या माजी सैनिकाला पॅनेलवरचे डायलिसिस केंद्र जवळ नसेल, तर त्याला मिरज नाहीतर बेळगाव गाठावे लागते, तेही डायलिसिसनंतरच्या थकव्यात परत यायचे असताना. सोबत मुलगा किंवा सून असतेच, आणि त्यांचा बुडालेला रोजगार कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो. झेड गावातील केंद्राला २० टक्के कमी देऊन सरकारचे जे पैसे वाचतात, ते या माणसाच्या घरातून वसूल होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

निपाणीकर

सुभेदार साहेब आणि डॉक्टरसाहेब, दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता पॅनेलवरच्या रुग्णालयातच शस्त्रक्रिया करायची असे आम्ही ठरवले आहे आणि फरकाची मागणी पुन्हा झाली तर ती लेखी मागणार आहोत. एक उपप्रश्न आहे. आमच्या घरापासून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. दोन्ही शहरे एकाच श्रेणीत आहेत, म्हणजे सरकारला खर्च सारखाच. मग पॉलिक्लिनिककडून मिळणारी पाठवणीची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, कोल्हापूरच्या रुग्णालयासाठी मागता येईल का? राज्याची हद्द आड येते का? सीमाभागात राहणाऱ्यांना हा प्रश्न प्रत्येक कागदाच्या वेळी पडतो.

खानापूरची लेक, सध्या ओहायो

मी मूळची खानापूर तालुक्यातील असून अमेरिकेत एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते. माझे आजोबाही मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे ही चर्चा मी मन लावून वाचली. येथील माजी सैनिकांच्या योजनेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

येथे माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची मोठी रुग्णालये आहेत, परंतु ती सर्वांना जवळ नसतात. २०१८ मध्ये मिशन कायदा नावाचा कायदा झाला आणि जून २०१९ पासून नवे निकष लागू झाले. नेहमीच्या डॉक्टरसाठी घरापासून गाडीने सरासरी ३० मिनिटे आणि तज्ज्ञासाठी ६० मिनिटे यापेक्षा जास्त वेळ लागत असेल, किंवा भेटीसाठी अनुक्रमे २० किंवा २८ दिवसांपेक्षा जास्त थांबावे लागत असेल, तर माजी सैनिक खासगी डॉक्टरकडे जाऊ शकतो आणि खर्च सरकार करते. म्हणजे मोजणीची सुरुवात माजी सैनिकाच्या घरापासून होते. हवालदार काका जेथे राहतात तेथून रस्ता किती लांब आहे, हा प्रश्न नियमातच विचारलेला आहे. आपल्याकडच्या दरपत्रकात तो प्रश्नच नाही, हा मला सर्वांत मोठा फरक वाटतो.

त्या खासगी डॉक्टरला द्यायचा दर येथेही जागेनुसार बदलतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मेडिकेअर योजनेचे दर सर्वसाधारणपणे कमाल मर्यादा मानले जातात आणि मेडिकेअरने देशाचे दरासाठी विभाग पाडले आहेत. परंतु डॉक्टरसाहेबांनी जो मुद्दा मांडला, त्याचे उत्तर येथील सूत्रात काही प्रमाणात सापडते. डॉक्टरच्या शुल्काचे तीन भाग केले जातात: डॉक्टरचे काम, दवाखाना चालवण्याचा खर्च आणि व्यावसायिक दायित्वाच्या विम्याचा खर्च. प्रत्येक भागाला त्या विभागाचा वेगळा निर्देशांक लावतात. भाडे आणि पगार जेथे कमी तेथे दुसरा भाग घसरतो, पण म्हणून बाकीचे दोन भाग त्याच प्रमाणात घसरत नाहीत. ग्रामीण डॉक्टरच्या कामाचे मोल राष्ट्रीय सरासरीच्या खाली जाऊ नये म्हणून पहिल्या भागाला किमान मर्यादा घातली गेली आणि येथील संसदेने तिला पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली आहे. अलास्कासाठी तर ती मर्यादा सरासरीच्या दीडपट ठेवलेली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मिशन कायद्यात अतिविरळ वस्तीच्या भागांसाठी मेडिकेअरपेक्षा जास्त दर देण्याची मुभा आहे. ज्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, दर चौरस मैलाला सातपेक्षा कमी माणसे राहतात, ती काउंटी अतिविरळ मानतात. तेथे डॉक्टर मिळणेच कठीण, म्हणून दर वाढवून त्याला आणायचे, असा विचार त्यामागे आहे. लहान ग्रामीण रुग्णालयांसाठीही वेगळा मार्ग आहे: पंचवीसपर्यंत खाटा असलेल्या आणि दुसऱ्या रुग्णालयापासून पुरेशा दूर असलेल्या रुग्णालयाला मेडिकेअर ठरावीक दराऐवजी त्याच्या प्रत्यक्ष वाजवी खर्चावर आधारलेली रक्कम देते.

येथील व्यवस्था आदर्श आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ग्रामीण रुग्णालये येथेही बंद पडत आहेत आणि माजी सैनिकांच्या बिलांना उशीर होण्याच्या तक्रारी येथेही आहेत. शिवाय आपला सीमाभाग इतका दाट वस्तीचा आहे की, चौरस मैलाला सात माणसांचा निकष आपल्याकडे अर्थहीन ठरेल. उचलण्यासारखे आहे ते दोन गोष्टी वेगळ्या करण्याचे तत्त्व: तिथला खर्च किती, हा एक प्रश्न, आणि तिथे सेवा टिकवण्यासाठी किती द्यावे लागेल, हा दुसरा. आपल्या दरपत्रकात फक्त पहिला प्रश्न विचारला आहे आणि त्याचेही उत्तर सरसकट एका टक्केवारीने दिले आहे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

ताई, तुम्ही दिलेली माहिती फार उपयोगाची आहे. तिला जोडून आपल्याच नियमातील एक गोष्ट सांगतो, कारण सरकारकडे मागणी करताना आपल्या घरचा दाखला अधिक चालतो. नव्या दरपत्रकात ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर आणि लडाख येथील शहरांना, त्यांची लोकसंख्या कितीही कमी असली तरी, वाय श्रेणीचा दर दिला आहे. म्हणजे निव्वळ लोकसंख्येवर दर ठरवला तर काही भागांत उपचारच मिळणार नाहीत, हे केंद्राने एका ठिकाणी मान्य केले आहे. आपल्या तालुक्यांची तुलना लडाखशी करण्याचे कारण नाही. परंतु जेथे माजी सैनिकांची वस्ती दाट आहे आणि पॅनेलवरचे रुग्णालय ठरावीक अंतरात एकही नाही, अशा तालुक्यांना डायलिसिस, प्रसूती, हृदयविकाराचे प्रथमोपचार आणि अस्थिभंग एवढ्या सेवांपुरता वाय दर द्यावा, ही मागणी त्या सवलतीच्या आधारावर नक्की उभी राहते. मागणी मोजकी ठेवावी, असे माझे मत आहे. सर्व उपचारांसाठी सर्व झेड गावांना वरचा दर मागितला, तर खर्चाचे कारण सांगून ती लगेच बाजूला ठेवली जाईल.

आता निपाणीकरांचा उपप्रश्न. ईसीएचएस ही संरक्षण मंत्रालयाची योजना असल्यामुळे कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातील हद्दीने सभासदाचा हक्क कमी-जास्त होत नाही. कारभाराची विभागणी मात्र वेगळी आहे: प्रत्येक पॉलिक्लिनिक कोणत्या तरी प्रादेशिक केंद्राखाली येते. रेफरल देताना पॅनेलवरच्या रुग्णालयांपैकी कोणते निवडायचे, ही निवड सभासदाची असते. परंतु दुसऱ्या प्रादेशिक केंद्राच्या हद्दीतील रुग्णालय हवे असेल, तर पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आधी भेटून घर आणि रुग्णालय यांतील अंतर लेखी अर्जात नमूद करावे. कोल्हापूर निम्म्या अंतरावर आहे आणि दर सारखाच आहे, हा तुमचा युक्तिवाद इतका सरळ आहे की तो तसाच लिहा. तुमचे वास्तव्य कायम निपाणीकडेच असेल, तर मूळ नोंदणीच कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकला हलवण्याचा पर्यायही विचारून ठेवा. नियमित औषधे घेण्यासाठीही ते सोयीचे पडेल.

अर्जासोबत स्मार्ट कार्डाची प्रत, तज्ज्ञाचा सल्ला आणि गुडघ्याचे क्ष-किरण चित्र जोडा. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी त्यांच्या ईसीएचएस कक्षाकडून पॅकेजचे नाव, त्याचा क्रमांक आणि कृत्रिम सांध्याची कंपनी व किंमत लिहून घ्या. सांध्याच्या वेष्टनावरील स्टिकर बिलाला लावलेला आहे याची सुट्टी होताना खात्री करा, कारण तो नसला की बिलात त्रुटी निघते आणि मग रुग्णालय सभासदाच्या मागे लागते.

अस्थिरोग सर्जन, चिकोडी

सुभेदार साहेबांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि तिच्यासाठी लागणारी माहिती देण्याची तयारीही. निवेदन काढणार असाल, तर त्यात केवळ भावना न ठेवता प्रत्येक तालुक्याच्या गावाची तीन कोष्टके द्यावीत, असे सुचवतो: तेथील नोंदणीकृत माजी सैनिक आणि वीरपत्नी यांची संख्या, पॅनेलवरच्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचे रस्त्याने अंतर, आणि गावात उपलब्ध असूनही पॅनेलवर नसलेल्या सेवा. पहिली माहिती बेळगावातील सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याच्या कार्यालयातून मिळू शकेल. तिसरी माहिती मी चिकोडी, निपाणी आणि रायबागमधील माझ्या सहकाऱ्यांकडून गोळा करून देतो. कोणत्या दराला ते पॅनेलवर यायला तयार होतील, हेही त्यांच्याकडून लेखी घेतो, म्हणजे मागणीतला आकडा अंदाजाने टाकावा लागणार नाही.

निपाणीकर

निपाणी तालुक्यातील माजी सैनिकांची यादी गावागावांतून करण्याचे काम मी घेतो. सुभेदार साहेब, निवेदन कोणाच्या नावाने काढायचे आणि कोणामार्फत पाठवायचे, तेवढे सांगावे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

निवेदन दिल्लीतील ईसीएचएस केंद्रीय संघटनेच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या नावाने काढू. ते बेळगाव स्टेशन हेडक्वार्टरमार्फत जाईल, एक प्रत आपल्या प्रादेशिक केंद्राला आणि एक माजी सैनिक कल्याण विभागाच्या सचिवांना. केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवरही ते नोंदवू, म्हणजे त्याला क्रमांक मिळेल आणि उत्तर देणे त्यांना भाग पडेल. अथणी आणि खानापूरकडील कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी आपापल्या तालुक्याची यादी करायला घ्यावी. डायलिसिसवर असलेल्या सभासदांची नोंद त्यात सर्वांत आधी करावी.